उदगीरची जमीन आणि तिचे धनी

इतिहासाच्या पुस्तकांत उदगीरचें नांव बहुधा एकाच दिवसासाठीं येतें. ता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं त्या मोहिमेंत मोठी कामगिरी केली, आणि मागून झालेल्या तहानें दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर यांसारखीं स्थळें व सुमारें साठ लक्ष रुपयांचा मुलूख पेशव्यांकडे आला, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस शाळेंतच समजलें असेल. पुढल्याच वर्षीं पानिपत झालें आणि ह्या विजयाचीं पुष्कळशीं फळें हातची गेलीं, हेंहि सर्वश्रुत आहे. परंतु 'साठ लक्षांचा मुलूख दिला' ह्या शब्दांनीं नेमकें काय दिलें गेलें, याचा विचार सहसा होत नाहीं. शेत होतें तेथेंच राहिलें. त्यांत ज्वारी पेरणारा कुणबी होता तोच राहिला, त्याचा पाटील आणि कुळकर्णीहि तेच राहिले. पालटलें तें इतकेंच कीं, त्या ज्वारींतला सरकारी वांटा कोणत्या खजिन्यांत पडावयाचा. मुलूख देणें म्हणजे वसुलाचा हक्क देणें होय. जमीन कोणाची, हा प्रश्न त्या तहांत कोणी विचारला नाहीं व त्याचें उत्तरहि कोणी दिलें नाहीं.

हा न विचारलेला प्रश्नच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदगीरच्या परिसरांत शेत कोणी कसलें आणि त्याचा धनी कोण म्हणविला गेला, हें पाहूं लागलें म्हणजे किल्ल्याच्या इतिहासाहून निराळा, कमी देदीप्यमान परंतु अधिक माणसांच्या जिवाशीं जडलेला असा इतिहास आपल्यापुढें उभा राहतो.

प्रथम भूमीचा परिचय करून घेऊं. बालाघाटाच्या पठाराच्या पूर्वेकडील उतरणीवर, मांजरेच्या उत्तरेस हा प्रदेश पसरलेला आहे. लेंडी नदी ह्याच भागांतून वाहते. खालीं काळा पत्थर, वर कोठें पुरुषभर खोल काळी माती, तर कोठें नांगराचा फाळ खडकास लागावा इतकी उथळ मुरमाड जमीन. काळ्या रानांत रब्बीची ज्वारी व करडई, हलक्या रानांत मूग, उडीद, तूर हीं येथील जुनीं पिकें. गेल्या तीसचाळीस वर्षांत सोयाबीननें ह्यांपैकीं पुष्कळांस मागें सारलें आहे. पूर्वीं उदगीर तालुक्यांत मोडणाऱ्या व आतां स्वतंत्र तालुका झालेल्या देवणीच्या नांवानें ओळखली जाणारी गुरांची जात सर्व देशांत नांवाजलेली आहे. चिकण काळी जमीन फोडण्यास असलेंच दणकट जनावर लागतें. सारांश, ह्या भूमींत कष्ट केले तर ती पिकते, पण ते कष्ट एका हंगामाचे नव्हेत. बांध घालणें, शेणखत टाकणें, हराळी खणून काढणें, विहीर पाडणें हीं सर्व कामें वर्षानुवर्षें त्याच जमिनीवर राहणाऱ्या माणसाचीं आहेत. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

सत्तेचे धनी येथें अनेक होऊन गेले. बहामनी राज्य मोडकळीस आलें तेव्हां उदगीर, औसा व कंधार हीं ठाणीं कासीम बरीदाच्या हातीं होतीं. इ. स. १६३६ मध्यें शहाजहानच्या सैन्यानें उदगीर घेतलें. १७२४ नंतर तें आसफजाही राज्यांत गेलें आणि १७६० च्या धामधुमीनंतरहि शेवटीं त्याच राज्यांत राहिलें. ह्या साऱ्या उलथापालथींत गांवाची अंतर्गत रचना मात्र फारशी हलली नाहीं. पिढीजाद हक्कानें जमीन धारण करणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन काळी कसणारा तो उपरी, हा भेद दख्खनच्या गांवगाड्यांत फार जुना आहे. मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. परत आल्यावर तो आपली जमीन मागूं शके. अर्थात् राजाचा हक्क वसुलावर, गांवचा हक्क वहिवाटीवर आणि मिरासदाराचा हक्क रक्तावर असे. 'मालक' हा शब्द आपण आज ज्या अर्थानें योजतों, त्या अर्थानें ह्या तिघांपैकीं एकहि जमिनीचा मालक नव्हता.

ह्या व्यवस्थेस खरा धक्का एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बसला. हैदराबादचें सरकार कर्जांत बुडालें आणि वसुलाचे मक्ते सावकारांस व लष्करी सरदारांस देण्याची रीत बोकाळली. मक्तेदारास पुढल्या सालाची शाश्वती नसल्यामुळें चालू सालींच रयतेस पिळून घेण्यांत त्याचें हित होतें. १८५३ सालीं शेजारचा नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांकडे गेला व १८६० सालीं परत आला. त्याच १८५३ सालीं पहिले सालारजंग दिवाण झाले व १८८३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनीं मक्तेदारी मोडली, पगारी तालुकदार नेमले, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि पुढें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतबंदी सुरू झाली. ह्या सुधारणेनें ज्याच्या नांवें सारा लागला तो 'पट्टेदार' झाला. सरकारशीं थेट नातें असलेला शेतकरी असा कोणी तरी कागदावर प्रथमच स्पष्टपणें उमटला, हें सालारजंगांचें श्रेय नाकारतां येत नाहीं.

तथापि ही सुधारणा साऱ्या राज्यांत सारखी पोंचली नाहीं. हैदराबाद राज्याची जमीन सामान्यतः तीन प्रकारांत वांटलेली असे. सुमारें साठ टक्के जमीन दिवाणी अथवा खालसा, म्हणजे सरकारी वसुलाची होती. सुमारें दहा टक्के 'सर्फ-ए-खास', म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठीं राखलेली होती. आणि उरलेली सुमारें तीस टक्के जहागीरदार, पायगा घराणीं, संस्थानिक व इनामदार यांच्याकडे होती. उदगीर तेव्हां ज्या बीदर जिल्ह्यांत होतें, त्या जिल्ह्याचा मोठा भाग पायगा व जहागिरींनीं व्यापलेला होता. भालकी, चिटगुप्पा हीं नांवें पायगांच्या संबंधांत प्रसिद्धच आहेत. खालसा गांवच्या रयतेस निदान मोजणी, ठरलेला सारा आणि तहशिलीचा दरवाजा एवढें तरी लाभे. शेजारच्या जहागिरी गांवांत मोजणी उशिरां येई किंवा येतहि नसे, आणि दाद मागावयाची ती जहागीरदाराच्याच कारभाऱ्याकडे. एकाच शिवेच्या अलीकडे व पलीकडे, एकाच मातींत, एकच पीक काढणारे दोन शेतकरी दोन निरनिराळ्या राज्यांत राहात असावे, तशी ही स्थिति होती.

आणि खालसांत तरी सर्व आलबेल होतें काय? १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७ च्या सुमाराच्या जमीन महसुलाच्या कायद्यानें पट्टेदार, शिकमीदार व असामी शिकमी असे धारकांचे प्रकार मानले. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नांवें सारा लागे तो. शिकमीदार म्हणजे त्याच्या पट्ट्यांत हक्काचा भागीदार. असामी शिकमी म्हणजे त्याच्या हाताखालचें कूळ, तें बहुधा बटईनें किंवा मक्त्यानें शेत करी, आणि धन्याची मर्जी हाच त्याचा आधार असे. खरें कष्ट करणारे पुष्कळसे लोक ह्या तिसऱ्या पायरीवर होते. असामी शिकमीस संरक्षण देणारा कायदा झाला तो १३५४ फसलींत, म्हणजे १९४४-४५ सालीं. तोंपर्यंत दुष्काळ, सावकाराचें व्याज आणि भावांची मंदी यांनीं कित्येक पट्टेदारांसहि कूळ करून सोडलें होतें. एस्. केशव अय्यंगार यांनीं १९२९-३० सालीं औरंगाबाद, नांदेड, वरंगळ व रायचूर ह्या जिल्ह्यांतील खेड्यांची जी आर्थिक पाहणी केली, तिचा एक मुख्य विषय शेतकऱ्यांच्या हातून जाणाऱ्या जमिनी हाच होता.

ह्याहूनहि मोठी उणीव कागदाची होती. मुंबई इलाख्यांत जमिनीवरील सर्व प्रकारच्या हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा १९०३ सालीं झाला. हैदराबाद राज्यांत तशी हक्कनोंदणी सुरू करणारा नियम झाला १३५८ फसलींत, म्हणजे १९४८-४९ सालीं. तब्बल पंचेचाळीस वर्षांचें हें अंतर आहे. ह्या काळांत सोलापूरकडील कुळाचें नांव निदान कोठें तरी लिहिलें जाण्याचा संभव होता, पण उदगीरकडील कुळाचें नांव त्याच्या शेजाऱ्यांच्या स्मरणापलीकडे फारसें कोठें राहात नसे. शिवाय जें लिहिलें जाई तें कोणत्या भाषेंत? १८८४ पासून दरबारची भाषा फारसीच्या जागीं उर्दू झाली. गांवीं कुळकर्ण्याचें दप्तर मोडींत असे. बीदर जिल्ह्याच्या रयतेची भाषा मराठी, कानडी किंवा तेलुगू. ज्या कागदावर आपलें पोट अवलंबून आहे तो कागद स्वतः वाचतां येणारा कुणबी ह्या तालुक्यांत विरळा. वाचून दाखविणारा जें सांगेल तेंच त्याचें सत्य.

ही गोष्ट केवळ दरबारी अन्यायाची नाहीं. जमिनीच्या पिकण्याशींहि तिचा संबंध आहे. ज्यास पुढल्या पाडव्यास हेंच शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं याची खात्री नाहीं, तो त्यांत विहीर कां पाडील? तीन वर्षें पुरणारें शेणखत तो एका वर्षाच्या शेतांत कां टाकील? तो जमिनींतून मिळेल तें ओढून घेईल, आणि ह्यांत दोष त्याचा नाहीं.

हा नियम मराठवाड्यापुरता नाहीं हें दाखविण्यास एक दूरचें उदाहरण देतों. पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांत 'कावा' नांवाचें झुडूप लावतात. आपली मिरी व विड्याचें पान ज्या कुळांतलें, त्याच कुळांतलें हें झाड. त्याची मुळी कुटून पाण्यांत कालवून तें पेय समारंभानें पितात. मुळी भरण्यास तीन ते पांच वर्षें लागतात, म्हणून ज्याचा जमिनीवर तितकीं वर्षें ताबा आहे त्यालाच कावा लावणें परवडतें. तेथें चार पंचमांशांहून अधिक जमीन मूळ रहिवाशांच्या कुलसमूहांची सामायिक आहे व ती विकतां येत नाहीं. १८७९ ते १९१६ ह्या काळांत गिरमिटावर गेलेल्या हिंदी मजुरांचे वंशज उसाची शेती करतात ती मुख्यतः भाडेपट्ट्यानें. १९७६ च्या कायद्यानें ठरलेल्या तीस वर्षांच्या मुदती १९९७ पासून संपूं लागल्या, तेव्हां दोन पिढ्यांनीं घडविलेलीं शेतें सोडून हजारों कुटुंबांस बाहेर पडावें लागलें. तेथील मूळ रहिवाशांनीं आपली जमीन राखली हें योग्यच झालें. परंतु कसणाराच्या हातीं मुदतीचा कागद आणि मुदतीनंतर कांहींच नाहीं, ह्याचें दुःख उदगीरच्या असामी शिकमीस सांगितलें असतें तर त्यास तें तात्काळ समजलें असतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी सत्ता संपली आणि पुढल्या पांचसात वर्षांत जमिनीच्या धन्यांची जुनी उतरंड भराभर कोसळली. १९४९ च्या प्रारंभीं सर्फ-ए-खास सरकारजमा झालें व त्याच्या उत्पन्नाच्या मोबदल्यांत निजामास वर्षास पंचवीस लक्ष रुपये ठरले. त्याच वर्षीं ऑगस्टांत जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला. १० जून १९५० पासून हैदराबादचा कूळकायदा अमलांत आला. ठराविक काळांत सलग सहा वर्षें जमीन कसलेलें कूळ हें 'संरक्षित कूळ' मानलें जावें व त्यास जमीन विकत घेण्याचा अग्रहक्क असावा, असें त्यानें ठरविलें. १९५४ च्या दुरुस्तीनें त्यांत अडतीस-ई हें कलम आलें, आणि त्यान्वयें जाहीर केलेल्या क्षेत्रांत मर्यादित जमिनीची मालकी संरक्षित कुळाकडे आपोआप जाण्याची तरतूद झाली. मराठवाड्यांत आजहि हाच वेगळा कायदा चालतो. शेंकडों वर्षांत कोणत्याहि तहानें न विचारलेला प्रश्न ह्या कायद्यानें विचारला, आणि 'जो कसतो त्याची' असें उत्तर दिलें. आमच्या मतें उदगीरच्या इतिहासांत ही घटना १७६० च्या विजयाहून लहान नाहीं.

परंतु कायदा होणें आणि तो शेताच्या बांधापर्यंत पोंचणें ह्यांत अंतर असतें. त्या अंतरांत काय घडलें याचें मोजमाप उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ए. एम्. खुस्रो यांनीं केलें व तें १९५८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. १९५१ सालीं संरक्षित ठरलेल्या प्रत्येक शंभर कुळांपैकीं तीनचार वर्षांनंतर सुमारें पंचेचाळीस अद्याप संरक्षित होतीं. सुमारें बारा जणांनीं जमीन विकत घेऊन मालकी मिळविली होती. कायद्याच्या मार्गानें निघालेलीं अवघीं दोनतीन होतीं. मात्र बेकायदा हुसकून लावलेलीं सुमारें बावीस, आणि 'स्वखुषीनें' जमीन सोडून दिलेलीं सतराअठरा! म्हणजे शंभरांतील चाळिसांच्या आसपास कुळांचा हक्क त्यांस मिळाल्यावर गेला.

ह्या 'स्वखुषी'चा अर्थ खेड्याशीं परिचय असणारास सांगावयास नको. जो जमीनधनी तोच बहुधा सावकार. त्याच्याच कडब्यावर कुळाचीं जनावरें जगावयाचीं, त्याच्याच शब्दावर मुलीच्या लग्नास उधार धान्य मिळावयाचें. अशा माणसानें राजीनाम्यावर अंगठा मागितला तर नाहीं म्हणण्याचें बळ किती जणांत असेल? शिवाय कायद्यानें धन्यास स्वतः कसण्यासाठीं जमीन परत मागण्याची सवलतहि ठेवली होती. धूर्त धन्यानें आधीं कुळाचें नांव काढविलें व मागून त्याच माणसास सालगडी म्हणून त्याच शेतांत ठेवलें, असेंहि घडूं शके. तो नांगर तोच, ते बैल तेच, फक्त कागदावरचें नांव गेलें.

इनामी जमिनींची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. निर्वाहासाठीं दिलेलें 'मदतमाश' आणि देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठीं दिलेलें 'खिदमतमाश' हे शब्द मराठवाड्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नाहींत. येथें मात्र ते अजून तहशिलींत रोज ऐकूं येतात. १९५५ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें बहुतेक इनामें रद्द झालीं, पण सेवेच्या जमिनी त्यांतून वेगळ्या राहिल्या, आणि पुनः दिलेल्या कित्येक जमिनींवर नजराणा व परवानगी यांचे निर्बंध राहिले. त्यामुळें ज्या शेतांत तीन पिढ्या राबल्या, तें शेत सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग दोन' असेंच उरलें. परवानगीवांचून तें विकतां येत नाहीं.

ह्या साऱ्यांत ज्यांच्याजवळ कुळाचाहि हक्क नव्हता, त्यांचें काय? गांवच्या गायरानांत पडीक जमीन फोडून पोट भरणाऱ्या भूमिहीनांचा, विशेषतः दलितांचा, प्रश्न कूळकायद्यानें सुटण्यासारखा नव्हताच, कारण ते कोणाचेंच कूळ नव्हते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालीं १९५९ व १९६४ सालीं झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनीं हा प्रश्न राज्यापुढें मांडला. १४ एप्रिल १९९० पर्यंतचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ सालीं निघाला. आणि शेतांत खुरपणीपासून मळणीपर्यंत निम्म्याहून अधिक काम जिच्या हातून होतें, त्या स्त्रीचें नांव सातबाऱ्यावर यावें हा विचार तर त्याहूनहि अलीकडचा. वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबर हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं दिला व सर्व देशानें २००५ सालीं.

उदगीर बीदर जिल्ह्यांतून १९५६ सालीं उस्मानाबादेंत आलें, १९६० सालीं महाराष्ट्रांत व १९८२ सालीं नव्या लातूर जिल्ह्यांत गेलें. आज एखाद्या कुटुंबास आजोबांचा कागद शोधावयाचा तर बीदर, हैदराबाद, धाराशीव अशा तीन दिशांस तोंड करावें लागतें, आणि कागद मिळाला तरी उर्दू किंवा मोडी वाचणारा शोधावा लागतो. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींसाठीं निजामकालीन दप्तरें उघडलीं, तेव्हां हीं दप्तरें किती जिवंत आहेत हें सर्वांस दिसलें. जमिनीच्या दृष्टीनेंहि तीं तितकींच जिवंत आहेत. त्यांचें लिप्यंतर व सूची होणें हें कोणा एका जातीचें काम नसून साऱ्या मराठवाड्याचें काम आहे.

आणि आजचें काय? मूळ मालक शहरांत नोकरीस, शेत गांवच्या कोणास तरी तोंडी बटईनें दिलेलें, हा प्रकार उदगीरच्या आसपास सर्रास आहे. लिहून दिलें तर कुळाचा हक्क लागेल ह्या भीतीनें कोणी लिहून देत नाहीं. परिणामीं बँकेचें पीककर्ज, विम्याची रक्कम, गारपिटीची भरपाई हीं सर्व सातबाऱ्यावरील नांवामागोमाग जातात, आणि बियाणें उधार आणून सोयाबीन पेरणारास त्यांतलें कांहीं मिळेल तें मालकाच्या भलेपणावर. ज्या कायद्यानें असामी शिकमीस वर उचलावयाचें, त्याच्याच भीतीनें नवा, नांव नसलेला असामी शिकमी निर्माण व्हावा, हा विचित्र योग आहे.

ह्यावर उपाय जुना कायदा मोडण्यांत आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मालकाची मालकी न जातां कसणाराचें नांव, त्याची मुदत आणि त्याचें पीक सरकारी दप्तरांत निर्भयपणें लिहितां येईल अशी सोय झाली पाहिजे, आणि तो कागद त्यास स्वतः वाचतां आला पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरचीं शेतें गांवीं दुसऱ्या कोणाच्या हातीं असतील. पुढल्या पाडव्यास बटईचा शब्द देतांना तो चार ओळींत लिहून देण्याची तयारी त्यांनीं दाखविली, तर सरकारनें कायदा करण्याची वाट न पाहतां निदान आपल्या बांधापुरती ही सुधारणा त्यांच्या हातून होऊं शकेल.